मुखपृष्ठावरची बाई

माझी भयकादंबरी छापून आली तेव्हा आई जाऊन दोन वर्षं झाली होती. जेमतेम शंभर पानांचं पुस्तक. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये मी अकरावी-बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवतो. दुपारच्या दोन बॅचच्या मधल्या वेळात, रिकाम्या वर्गात बसून मी ती लिहिली. गोष्ट साधी होती. एका घराच्या मागच्या दारात रोज दिवेलागणीला एक बाई येऊन उभी राहते. काही मागत नाही, बोलत नाही. घरातली माणसं तिच्याकडे बघायचं टाळतात, आणि टाळता टाळता एकेकाची वाताहत होत जाते.

मुखपृष्ठ माझ्या धाकट्या बहिणीनं काढलं. ती कसबा बावड्यात शाळेत चित्रकला शिकवते आणि तिथंच अप्पांजवळ राहते. अप्पा म्हणजे आमचे वडील, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. गोष्ट वाचून झाल्यावर आठ दिवसांनी तिनं चित्र आणलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. अर्धवट उघडं दार आणि फटीत एका बाईचा चेहरा. गाल आत गेलेले, ओठ जरा विलग, डोळे थेट बघणाऱ्यावर.

"बापरे! जबरदस्त," मी म्हणालो. "लोकांची झोप उडणार बघ."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "आणि काय वाटतंय?"

"आणि काय? झ्याक जमलंय की. प्रकाशक खूश होणार."

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

पुस्तक माझ्या अपेक्षेपेक्षा बरं चाललं. वाचकांचे मेसेज यायला लागले, आणि दहातले आठ मुखपृष्ठाबद्दल असायचे. कुणी लिहायचं, पुस्तक पालथं घालूनच ठेवतो. एका बाईंनी शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, त्याचा फोटो पाठवला. एका गृहस्थांच्या चार वर्षांच्या मुलीनं ते कपाटामागं टाकून दिलं होतं. 'असलं तोंड जिवंत माणसाचं नसतं,' असंही एकानं लिहिलं. मी आनंदानं एकूण एक मेसेज बहिणीला पाठवत होतो. सुरुवातीला तिचा अंगठा यायचा. मग तोही येईना. मला वाटलं, शाळेत परीक्षा असतील.

मग एका वाचनालयात वाचकांशी गप्पांचा कार्यक्रम झाला. तीसेक माणसं असतील. मी आग्रह केला म्हणून बहीण आली आणि शेवटच्या रांगेत बसली. मध्येच कॉलेजातला एक जण उठला.

"सर, गोष्ट ठीक हाय. पण खरी भीती चित्राचीच. त्या बाईचं तोंड बघितलं की किळसच येती. कुठनं शोधून आणलं असलं तोंड?"

सगळे हसले. मीही हसलो. "ते चित्रकारालाच विचारा की," म्हणून मी मागं हात केला. तिची खुर्ची रिकामी होती.

कार्यक्रम थोडा थांबवून मी खाली गेलो. ती स्कूटीवर बसली होती. किल्ली हातात होती, पण लावत नव्हती.

"काय झालं? लोक तुझं कौतुक करायला लागलेत आणि तू इथं..."

"आई हाय ती, दादा."

"कोण?"

"चित्रातली. आपली आई हाय."

मी खुळ्यासारखा उभा राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर जी आई होती तिचं तोंड गोल होतं, कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, आणि ती हसली की गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. हा चेहरा तिचा कसा असेल?

"शेवटाला अशीच दिसायची," बहीण म्हणाली. "तू गोष्ट वाचायला दिलीस. दारात बाई उभी हाय आणि तिच्याकडं कुणी बघत न्हाय. मला दुसरं तोंड सुचलंच न्हाय. वाटलं, तू बघितल्याबघितल्या ओळखशील."

तिनं किल्ली लावली आणि ती गेली.

आई अठरा दिवस दवाखान्यात होती. बहीण रजा टाकून तिच्या उशाशी बसली. मीही रोज जायचो, हे खरं. दोन बॅचच्या मध्ये दहा मिनिटं. वॉर्डच्या दारातनंच "बरं हाय न्हवं?" विचारायचो आणि परत फिरायचो. मुलांची परीक्षा जवळ आली होती, हे माझं कारण. खरी गोष्ट अशी की ते वाळत चाललेलं तोंड मला बघवत नव्हतं. एकदा तिनं मान दाराकडे वळवली, आणि मी खिशातनं मोबाइल काढून त्यात बघत राहिलो. त्या मुलीनं पुस्तक कपाटामागं टाकलं, ती तरी चार वर्षांची होती.

वर माणसं थांबली होती. मी जाऊन सह्या केल्या. प्रत्येकाचं पुस्तक उघडूनच हातात घेत होतो आणि उघडंच परत देत होतो.

दुसऱ्या दिवशी बावड्याला गेलो. बहीण शाळेत होती. अप्पा बाहेरच्या सोप्यात बसले होते.

"अप्पा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय. बघितलं आणि कळलं."

"मग मला बोलला न्हाईसा?"

"काय बोलू? तुला दिसंना, त्यात मी काय सांगायचं?" मग त्यांनी विचारलं, "लोक भित्यात म्हणं तिला?"

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"जन्मात कुणावर डोळं वटारलं न्हाईत रं तिनं," अप्पा म्हणाले, आणि उपरण्यानं तोंड पुसत बसले.

बहीण माझ्याशी बोलायची बंद झाली नाही, पण कामापुरतंच बोलायची. अशात एक दिवस हुपरीहून एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. त्यांच्या घरात चांदीच्या पैंजणांचं काम चालायचं आणि नातीनं त्यांना माझं पुस्तक वाचून दाखवलं होतं. मी सवयीनं विचारून गेलो, "चित्र बघून भीती वाटली का?"

"भ्या कशाचं, पावणं? बाई आजारी हाय ती. माझ्या सासूचं शेवटाला असंच तोंड झालतं. पाणी मागायची सुदीक ताकद न्हवती, नुसती बघायची. तुमच्या गोष्टीतल्या माणसांनी तिला आत का घेतलं न्हाय वो?"

"चुकलं त्यांचं," मी म्हणालो.

ते सगळं मी बहिणीला लिहून पाठवलं. कितीतरी दिवसांनी तिचं उत्तर आलं. 'नंबर दे.'

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मी मुखपृष्ठ बदलायचं ठरवलं. बहिणीनंच अडवलं. "राहू दे. आता काढलंस तर तिला दुसऱ्यांदा बाहेर घालवल्यागत होईल." चित्र तेच राहिलं. मेसेजही तसेच येतात. मी ते कुणाला पाठवत नाही.

एका रविवारी ती हुपरीला त्या बाईंकडे जाऊन आली. सकाळी गेलेली, दिवस मावळताना परतली तेव्हा मी बावड्यातच होतो. डोळे सुजले होते, पण तोंडावरचा ताण उतरला होता.

"एवढा वेळ काय बोललात?"

"आईचं. दवाखान्यातलं सगळं."

"मला सांगशील?"

तिनं बराच विचार केला. "न्हाय, दादा. तुला सांगायला अजून न्हाय जमणार."

आता ती महिन्या-दोन महिन्यांनी हुपरीला जाते. मी तिला एसटी स्टँडवर सोडायला जातो आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहतो.