उचलून पळता येईल असा कॉम्प्युटर

आमच्या घरात मोठ्या गोष्टी सरळ बोलायची पद्धत नाही. माझ्या बारावीनंतरच्या उन्हाळ्यात घरासमोरचा प्रश्न एकच होता: मी घरी राहून शिकायचं की घर सोडून जायचं. उमरग्याच्या कॉलेजात नंबर लागला होता, तिथं बसनं रोज ये-जा करता आली असती. धाराशिवच्या कॉलेजातही लागला होता, तिथं गेलं की हॉस्टेल. कोर्स दोन्हीकडं कॉम्प्युटरचाच. पण राहणार की जाणार, हे महिनाभर कुणी कुणाला विचारलं नाही. आई, अप्पा आणि मी, आम्ही तिघं वाद घालत होतो तो लॅपटॉप घ्यायचा की डेस्कटॉप यावर. डेस्कटॉप म्हणजे उमरगा आणि लॅपटॉप म्हणजे धाराशिव, हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं.

"डेस्कटॉप दणकट ऱ्हातो," अप्पा म्हणायचे. "बिघडला तर उघडून नीट करता येतो."

"लॅपटॉप कुठंबी नेता येतो," मी म्हणायचे.

"कुठं न्यायचाय?"

इथं आई तव्यावरची भाकरी उलटायची आणि वाद तिथंच थांबायचा. खरं सांगायचं तर धाराशिवचं कॉलेज काही फार भारी होतं असं नाही. मला जायचं होतं, बस्स. अठरा वर्षं एकाच अंगणात काढली होती आणि मला दुसरं अंगण बघायचं होतं.

आमचं गाव लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या जवळ. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्या जागेवर वसलेलं, त्यामुळं रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ. अप्पा तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे होते. त्या पहाटे ते बाहेर झोपले होते म्हणून वाचले. आत कोण कोण झोपलं होतं ते मला आईकडून कळलं, अप्पांकडून कधीच नाही. पुढं पुनर्वसनाची घरं बांधायला बाहेरून मिस्त्री आले, त्यांच्या हाताखाली अप्पा राबले आणि गवंडीकाम शिकले. आता आसपासच्या चार गावांत कुणाला भिंत घालायची असली की आधी अप्पांना बोलावणं येतं.

दुसऱ्यांची घरं बांधणाऱ्या या माणसाचा स्वतःच्या घरावर मात्र काडीचा विश्वास नाही. आमच्या घरात माळा नाही. लोखंडी कपाट भिंतीला तारेनं आवळून बांधलंय. डोक्याच्या वर काही ठेवायचं नाही, म्हणून महादेवालासुद्धा अप्पांनी गुडघ्याएवढ्या कोनाड्यात बसवलंय आणि आरती आम्ही वाकून करतो. दाराजवळच्या खिळ्याला एक कापडी पिशवी. तिच्यात रेशनकार्ड, सातबारा, पासबुक, बॅटरी आणि एक बिस्किटाचा पुडा. तो पुडा लहानपणी मी कितीदा खाल्लाय त्याला गणती नाही, आणि दर वेळी आईनं तिथं गुपचूप नवीन पुडा ठेवलाय.

आणि वर्षातून चार-पाच वेळा, कधी जेवताना, कधी टीव्हीवरची मालिका ऐन रंगात आलेली असताना, अप्पा उठून अंगणात जायचे आणि ओरडायचे, "भाईर!" मग मोजायला लागायचे, तेही कानडीतून. त्यांच्या आईचं माहेर सीमेपलीकडचं, आकडे तिनं शिकवलेले. ओंदू, एरडू, मूरू, नाल्कू. हत्तू म्हणजे दहा, आणि हत्तूच्या आत घरातलं प्रत्येक माणूस अंगणात पाहिजे. आईच्या हातात पिशवी, माझ्या हातात दप्तर. एकदा घाईत आई पिशवीऐवजी उलथणं घेऊन आली. अप्पांनी अतिशय गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "ह्याच्यावर रेशन मिळंल का?" शेजारचे लोक कट्ट्यावर बसून आमची ही परेड बघायचे आणि हसायचे. आम्हीही हसायचो. पण पळायचो.

अप्पांचा नियम ठरलेला होता: जे एका हातानं उचलून पळता येत नाही ते घरात आपलं नाही. म्हणूनच लॅपटॉपची लढाई मी जिंकल्यातच जमा आहे असं मला वाटत होतं.

"अप्पा, तुमच्याच नियमानं बोला," मी एक दिवस म्हटलं. "डेस्कटॉप एका हातानं उचलून पळता यील का?"

"ते येगळं," अप्पा म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर गेले.

ते किती वेगळं होतं ते आठवड्यानं कळलं. आई आणि मी कॉलेज बघायला धाराशिवला गेलो होतो. संध्याकाळी परत आलो तर पुढच्या खोलीत खिडकीखाली ओल्या सिमेंटचा एक कट्टा उभा! वर मॉनिटरची जागा, खाली सीपीयूसाठी कप्पा, मागं वायरी काढायला गोल भोक. कोपरे गुण्या लावून काटकोनात, आतून सळया थेट भिंतीत नेलेल्या. दुकानात जाऊन त्यांनी सुतळीला गाठी मारून मॉनिटरचं माप आणलं होतं. कॉम्प्युटर घ्यायच्या आधी त्याचं घर बांधून मोकळा झालेला माणूस मी तरी दुसरा बघितलेला नाही.

"चार दिवस पानी मारावं लागंल," अप्पा म्हणाले. "मंग आणू."

मी इतकी चिडले की चार दिवस त्या कट्ट्याकडं बघितलंसुद्धा नाही. आई मात्र येता-जाता त्यावर तांब्याभर पाणी ओतत होती. तू कुणाच्या बाजूनं आहेस, असं विचारलं तर म्हणाली, "सिमेंटच्या. तडा गेला म्हंजी?"

पाचव्या दिवशी आम्ही उमरग्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं आधी लॅपटॉप पुढं ठेवला. अप्पांनी बोटाच्या पेरानं त्याच्या पाठीवर टकटक केलं, भिंतीला करतात तसं. "पोकळ वाजतंय," ते म्हणाले. मग डेस्कटॉपचा सीपीयू उचलून बघितला. "ह्याला वजन हाय."

"कॉलेज कुठं?" दुकानदारानं सहज विचारलं.

"धाराशिव," मी म्हटलं. "उमरगा," अप्पा म्हणाले. दोन्ही उत्तरं एकदमच निघाली. दुकानदार एकदा माझ्याकडं आणि एकदा अप्पांकडं बघून काउंटरची काच पुसायला लागला.

"डेस्कटॉप द्या," अप्पा म्हणाले.

काळीपिवळी जीपमधून येताना मॉनिटरचं खोकं माझ्या मांडीवर होतं. अप्पांनी स्वतःच सगळं कट्ट्यावर मांडलं. सुताइतकाही फरक नव्हता, माप तंतोतंत जुळलं. ते दोन पावलं मागं सरकून बघत राहिले. त्यांना इतका आनंद झाला होता की माझा राग आणखीच वाढला.

दोन दिवस मी तो चालू केला नाही. धाराशिवची फी भरायला तीनच दिवस उरले होते आणि मी ते मनातल्या मनात मोजत होते. अप्पा कामावरून आले की आधी गमछ्यानं मॉनिटर पुसायचे. "चालू कर की," म्हणायचे. "लाईट न्हाय," मी म्हणायचे, आणि डोक्यावर पंखा फिरत असायचा. अप्पा पंख्याकडं बघायचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई डाळ निवडत बसली होती. अप्पा आले, पाय न धुताच परत अंगणात गेले आणि ओरडले, "भाईर!"

आता वाटतं, ते मला हसवायला बघत होते. परेड झाली की आम्ही हसतोच, त्यात माझा रुसवाही निघून जाईल असा त्यांचा हिशोब असणार. आई पिशवी घेऊन धावली. सवयीनं मीही उठले, दोन पावलं टाकली, आणि मग मुद्दाम मागं फिरून कट्ट्यासमोर बसले. एकेक वायर उपटायला लागले.

"नाल्कू, ऐदू," बाहेरून आवाज येत होता.

"अगं ये की भाईर," आई म्हणाली.

"माझी वस्तू हितं हाय!" मी आतून ओरडले. "ती उचलत न्हाय. तिला सोडून मी कशी येऊ?"

आरू. एळू. एंटू. ओंबत्तू. ओंबत्तू म्हणजे नऊ. मी हत्तूची वाट बघत बसले. एकदा का त्यांनी हत्तू म्हटलं की मी जिंकले, त्यांच्याच नियमानं त्यांना हरवलं, अशा खुशीत होते.

हत्तू आलं नाही. "ओंबत्तू," अप्पा परत म्हणाले. थोड्या वेळानं आणखी एकदा, हळू आवाजात, "ओंबत्तू."

मी खिडकीतून बघितलं. अप्पा अंगणाच्या मधोमध उभे होते. त्यांची नजर दारावर होती, आणि दारात कुणीच नव्हतं. ओठ हलत होते. आईनं त्यांचा दंड धरला होता. त्यांना पुढचा आकडा म्हणता येत नव्हता.

"ये गं बाई," आई म्हणाली. त्यात रागावणं अजिबात नव्हतं.

मी तशी पुन्हा आयुष्यात कधी पळाले नाही. मोकळ्या हातानं, अनवाणी, थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. अप्पांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "हत्तू," ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

मला स्वतःची लाज वाटली. अजूनही तो प्रसंग आठवला की वाटते. मी रागीट आहे, तोंडाळ आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण त्या दिवशी मी ज्या ठिकाणी बोट ठेवलं तिथं ठेवायला नको होतं. भाकरी थापणाऱ्या आईजवळ जाऊन मी सांगितलं, "मी उमरग्यालाच जाते. डेस्कटॉप चांगलाय." आणि ते मी मनापासून बोलत होते.

"मला काय सांगतीस? त्यास्नी सांग," आई म्हणाली.

सकाळी सांगायला गेले तर डेस्कटॉप खोक्यांत गेलेला होता. वायरी अप्पांनी सुतळीसारख्या गुंडाळून ठेवल्या होत्या आणि खोक्यांवर दोरी आवळत होते.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "जे उचलून पळता येत न्हाय ते म्याच घरात आणलं. आधी दुकानात जाऊ, मंग तसंच धाराशिवला. फी भरायची ऱ्हायलीय न्हवं?"

"मला नको लॅपटॉप. मी ऱ्हाते हितंच."

अप्पा दोरीची गाठ पक्की करत म्हणाले, "ऱ्हा म्हणून म्या कधी म्हणलं?"

आणि ते खरंच होतं. त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं. मला रडू आलं, आणि आई म्हणाली की बस चुकेल, रडायचं ते बसमध्ये रड.

एकदाही चालू केलेला नव्हता म्हणून दुकानदारानं कुरकुर करत का होईना, डेस्कटॉप परत घेतला. माझा रुसवा एवढ्यापुरता तरी कामी आला. "ते पोकळ वाजणारं द्या," अप्पा म्हणाले.

हॉस्टेलवर सोडायला तेच आले. इतर मुलींचे वडील गाद्या दाबून बघत होते, मेसचं विचारत होते. आमच्या वडिलांनी पिशवीतून हातोडी काढली, दाराजवळ एक खिळा ठोकला आणि लॅपटॉपची बॅग त्यावर अडकवली. "हितंच टांगायची," म्हणाले. "कितवा मजला हाय? जिना कुठंय?" मग स्वतः दोनदा जिना उतरून बघितला. शरमेनं मी अर्धी झाले होते. पण महिन्याभरानं पहिल्यांदा फोन वाजला आणि पलीकडून नुसतं "भाईर!" ऐकू आलं, तेव्हा मी बॅग ओढून जिन्यावरून अशी सुटले की खोलीतल्या दोघी घाबरून माझ्यामागं धावल्या. खाली पोचून, धापा टाकत मी फोन कानाला लावला. "एंटू," अप्पा म्हणाले. "बरं हाय. जेवलीस का?" पुढं त्या दोघींनाही कानडी आकडे पाठ झाले.

आता मी पुण्यात नोकरी करते. लॅपटॉप तिसरा आहे, बॅग दाराजवळच असते. गावचा कट्टा अजून तिथंच आहे. आईला तो मोडायचा होता, पण अप्पांनी त्यात इतकं लोखंड घातलंय की कट्ट्याबरोबर भिंतही यायची. आई त्यावर पिण्याच्या पाण्याची घागर ठेवते. मी गेले की घागर खाली उतरते आणि माझा लॅपटॉप वर चढतो.

तीस वर्षं उकिडवं बसून विटा लावल्यानं अप्पांचे गुडघे गेले आहेत. त्यांनी "भाईर!" म्हणणं हळूहळू बंद केलं. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आमची पद्धत तीच. मागच्या सुट्टीत दुपारी चहा पिता पिता मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी कप ठेवून अंगणात गेले आणि ओरडले, "भाईर!"

आई पिशवी घेऊन आली, चौथ्या आकड्याला हजर. अप्पा खुर्चीतून उठत होते. खिडकीतून मला दिसत होतं, एक हात कट्ट्यावर टेकवून त्यांनी अंग वर उचललं. एळूला ते खोलीच्या मध्यावर होते. एंटूला दारापर्यंतही पोचले नव्हते.

"ओंबत्तू," मी म्हटलं. मग पुन्हा म्हटलं, "ओंबत्तू."

अप्पांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग दाराजवळच्या खिळ्यावरून माझ्या लॅपटॉपची बॅग काढली, ती एका हातात घेतली, दुसऱ्या हातानं चौकट धरली आणि एकेक पायरी उतरायला लागले. ते माझ्यासमोर येऊन उभे राहीपर्यंत मी नऊवरच थांबले होते.

"म्हण की आता," अप्पा म्हणाले.

"हत्तू," मी म्हटलं.