कडीचे डबे

लीलाताई देवतळे यांना मी खोटं बोलून घराबाहेर काढलं. हे वाक्य आधीच लिहून टाकतो. त्यांच्याविषयी पुढे मी जे सांगणार आहे ते कोण सांगतोय, हे वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

धनकवडीत, कात्रजकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला आमची इमारत आहे. तिसऱ्या मजल्यावर आमचं घर, आणि समोर, दाराला दार, आमचाच दुसरा दोन खोल्यांचा फ्लॅट. तो वडिलांनी धाकट्या भावासाठी, सुहाससाठी घेतला होता. सुहास कॉम्प्युटर शिकला आणि अमेरिकेला गेला. त्या काळात आमच्या भागातून दर वर्षी कुणाचा तरी मुलगा विमानात बसत असे आणि मागे एक कुलूप राहत असे. ते कुलूप उघडायचं ठरलं तेव्हा एजंटने लीलाताईंना आणलं.

जागा बघायला आल्या तेव्हा त्यांनी ओटा पाहिला नाही, नळ सोडून पाहिला नाही. सरळ खिडकीपाशी गेल्या, गजाबाहेर हात काढला आणि विचारलं, "इथं ऊन किती वाजेपर्यंत असते जी?"

इतकी वर्षं त्या इमारतीत राहत होतो, पण ऊन कधी बघितलं नव्हतं.

राहायला आल्या त्या दिवशी सामानाच्या आधी झाडं वर आली. कुंड्या नव्हत्याच. घरांना रंग देणारे पेंटर जे डबे रिकामे करून टाकतात, ते तारेच्या कडीचे पत्र्याचे डबे. बाहेरून पिस्ता, आकाशी, मरून असे ओघळ वाळलेले, तळाला खिळ्याने पाडलेली भोकं. तेव्हा पुण्यात जिकडेतिकडे इमारती उठत होत्या, त्यामुळे डब्यांना तोटा नव्हता. जाता-येता त्या पेंटर लोकांकडून मागून घ्यायच्या.

माझ्या आईने दारातूनच विचारलं, "अहो, तुमच्या अमरावतीला कुंड्या मिळत नाहीत वाटतं?"

"मिळतात न काकू. पण कुंडीले कान कुठं असतात? उचलायची कुठं धरून?"

आई हसली. आईला हसवणं सोपं नव्हतं.

लीलाताई पन्नाशीला आलेल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. कसबा पेठेतल्या एका टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायच्या. पुण्यात येऊन वीसेक वर्षं झाली होती आणि त्यातलं प्रत्येक घर भाड्याचं. आपल्याकडे करार अकरा महिन्यांचा होतो. घरमालकाला वाटलं तर पुन्हा होतो, नाही तर डबे उचलायचे. "तुमच्या पुण्यात वर्ष अकरा महिन्यांचंच असते, बाप्पा," असं त्या म्हणायच्या. तक्रार म्हणून नाही. इथलं पाणी जड आहे असं सांगावं तसं. एकट्या बाईला जागा देताना पुण्याचा घरमालक जे जे विचारतो ते सगळं मीही त्यांना विचारलं होतं. त्यांनी सगळ्या प्रश्नांची सावकाश उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाल्या, "झाडांचं काही विचारायचं नाही का?"

झाडांची निवड मात्र त्या घरमालकापेक्षा कडक करायच्या. एका हाताने उचलून जिना चढता आला नाही, तर ते झाड त्यांच्या घरात येत नसे. दिवाळीत त्या अमरावतीला जात, तेवढे दिवस पाण्यावाचून काढता आले नाहीत, तरी नाही. गुलाब नाही, शेवंती नाही. कोरफड, पानफुटी, बाटलीतला मनीप्लांट, भज्यांसाठी पानाचा ओवा. आणि एक उभ्या तलवारीसारख्या पानांचं, पानांवर हिरवे-करडे पट्टे असलेलं झाड. त्याला आता नर्सरीत स्नेक प्लांट म्हणतात. लीलाताई त्याला 'उंटीण' म्हणायच्या, कारण ते पाणी मागत नाही.

पहिल्या दिवाळीत मी म्हणालो, "किल्ली ठेवून जा ताई, मी पाणी घालीन."

"नका जी. तुम्ही प्रेमानं रोज घालाल, अन् बिचारी सडून मरतील."

जाताना त्यांनी सगळे डबे खिडकीतून काढून मोरीजवळच्या सावलीत एकमेकांना चिकटवून ठेवले. परत आल्या तेव्हा आम्ही सगळे दारात उभे. एकही पान पिवळं नव्हतं. आमच्या आईने फ्रिजवर ठेवलेली दुर्वांची वाटीसुद्धा तोपर्यंत वाळली होती.

पहिल्या मजल्यावर एक नवं जोडपं राहायला आलं. दोघंही कंपनीत, सकाळी जाऊन रात्री येणारी. ती मुलगी झाड मागायला वर आली.

"घरी ऊन येते?" लीलाताईंनी विचारलं.

"नाही ना ताई. समोर भिंतच आहे."

"तुम्ही घरी असता?"

"नाही."

"म्हणजे भांडायलाही कोणी नाही. मनीप्लांट न्या. बाटलीत ठेवा, अन् रविवारी आठवण आली तर पाणी बदला."

माणसाचं घर आणि त्याचे कामाचे तास विचारल्याशिवाय त्या फांदी तोडत नसत. झाड माणसाला शोभतं का यापेक्षा माणूस त्या झाडाला परवडेल का, हे त्या बघायच्या.

एकदा मी त्यांना स्कूटरवरून कसब्यात सोडायला निघालो होतो. वाटेत त्यांनी माझ्या खांद्यावर टकटक केली. "जरा हळू. ती दुसऱ्या मजल्यावरची खिडकी दिसली? तिथं मी राहिली. तो मनीप्लांट माझा." पुढच्या चौकात पुन्हा टकटक. "ती कोरफड." मग एका गॅलरीतली पानफुटी. प्रत्येक घरातून त्यांना उठवलेलं होतं. कुठे मालकाच्या मुलाचं लग्न, कुठे इमारत पाडायची म्हणून. आणि प्रत्येक घर सोडताना त्या शेजाऱ्यांना फांद्या देऊन आल्या होत्या. आमचे दोन फ्लॅट होते. पण या शहरात बोट दाखवून हे माझं, असं मला कुठेही म्हणता आलं नसतं, निदान त्या आवाजात.

आई आजारी पडली तेव्हा लीलाताई दुपारी क्लासहून लवकर येऊन तिच्याजवळ बसायच्या. पेपर वाचून दाखवायच्या. आईच्या उशाशी ओव्याचा एक डबा आणून ठेवला होता; आई पान चुरगळून वास घ्यायची. आई गेली. तेराव्याला सगळ्या नातेवाइकांसमोर मी म्हणालो, "लीलाताई, आता तुम्ही कुठं हलायचं नाही. हे घर तुमचंच समजा."

त्या हसल्या. "अकरा महिने तर समजतेच मी."

"तसं नाही. मी शब्द देतोय."

पुढच्याच आठवड्यात चार हमाल धापा टाकत जिन्यावरून एक सिमेंटची मोठी कुंडी घेऊन आले. इतकी मोठी की लहान मूल आत बसलं असतं. ती त्यांच्या गॅलरीत ठेवली आणि तिच्यात लीलाताईंनी अनंत लावला.

"अमरावतीला आमच्या अंगणात होता," त्या म्हणाल्या. "लई मानी झाड. पाणी रोज पाहिजे. अन् जागा हलवली की रुसते, कळ्या गाळून टाकते. म्हणून इतकी वर्षं लावला नाही."

माझी बायको मेधा म्हणाली, "ताई, पण ही कुंडी उचलायची कशी?"

लीलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "आता कशाले उचलायची?"

अनंताला पहिलं फूल आलं ते त्यांनी आमच्या आईच्या फोटोपुढे आणून ठेवलं. घरभर वास होता.

पुढे दोन करार झाले. मग एजंट आला. एका सॉफ्टवेअर कंपनीला चार मुलांसाठी जागा हवी होती आणि ते देणार होते ते भाडं ऐकून मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. माझी कारणं मी इथे देत नाही. ती द्यायला लागलो की मला मीच बरा वाटू लागतो. त्या संध्याकाळी मी समोरचं दार वाजवलं आणि म्हणालो, "ताई, सुहास कायमचा परत येतोय. त्याला जागा लागेल."

सुहासने तिकडे घर घेतलेलं होतं. परत येण्याचा विषयही नव्हता.

मी रागाची तयारी करून गेलो होतो. लीलाताईंचा चेहरा उजळला. "सुहासभाऊ येऊन राहिले? कायमचे? अगंबाई, काकू असायला पाहिजे होत्या!" करार संपायला अवकाश होता, पण त्यांनी तेवढेही दिवस मागितले नाहीत. "त्यांना यायच्या आधी रंग द्यावा लागेल न घराला," असं म्हणाल्या.

घरी येऊन मी मेधाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "खोटंच बोलायचं होतं तर मला विचारायचं. त्यांना दुःख होईल असं काहीतरी सुचवलं असतं. आनंद कशाला दिलास?"

घर सोडतानाची त्यांची तयारी मी अजून विसरलो नाही. डबे भिंतीशी ओळीने लावले. सगळ्या कड्यांतून एक लांब बांबू ओवला, दोन माणसांनी तो खांद्यावर घेतला आणि पालखीसारखी सगळी बाग डुलत, एकही पान न मोडता, तीन मजले उतरून टेंपोत बसली. इमारतीतले लोक गॅलऱ्यांतून बघत होते.

मग त्या अनंतापाशी गेल्या. कुंडीच्या काठावर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. झाड कळ्यांवर होतं.

एक डबा मात्र त्यांनी मागे ठेवला होता. उंटीण. तो माझ्या हातात दिला. "हे सुहासभाऊंना. इतक्या वर्षांनी येतात, घर अनोळखी वाटेल. याला विसरले तरी चालते. अनंताला तेवढं रोज पाणी घालायला सांगा. घरचा माणूस आहे, घालेल."

चार मुलं राहायला आली. चांगली होती, पण दिवसभर घरात नसत. अनंताच्या कळ्या त्याच आठवड्यात गळल्या आणि उन्हाळा संपेपर्यंत झाड काटकी झालं. दाराला दार होतं. मी रोज एक बादली घेऊन जाऊ शकलो असतो. त्या झाडासमोर उभं राहण्याची मला हिंमत नव्हती. पुढे त्या कुंडीत बुटांच्या रिकाम्या खोक्यांचा ढीग दिसायचा.

आणि उंटीण मरेना. मी ती जिन्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. महिनोन्‌महिने पाणी घातलं नाही. खरं सांगायचं तर मुद्दाम घातलं नाही. तिने शेजारून नवी पानं काढली. एकदा ती कुणालातरी देऊन टाकायला निघालो, तर मेधा म्हणाली, "ते तुझं आहे. राहू दे इथंच." रोज ऑफिसला जाताना आणि येताना ते झाड तिथे असायचं, ताठ. अशी बरीच वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात सुहास पंधरा दिवसांसाठी आला. जिन्यात थांबून म्हणाला, "अरे वा, मस्त आहे! कुणाचं आहे हे?"

आतून मेधाचा आवाज आला, "तुमचंच आहे भावोजी. कधीपासून वाट बघतंय."

सुहास हसला. मला हसता आलं नाही. तो गेल्यावर पुढच्या रविवारी मी तो डबा उचलला आणि कसब्यात गेलो.

टायपिंगच्या क्लासच्या जागी आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदाराने मला आणि माझ्या हातातल्या डब्याला नीट न्याहाळलं. "देवतळेबाई ना? त्या समोरच्या बोळात. पत्ता विचारत बसू नका, वर बघत जा."

मी वर बघत गेलो. बोळ इतका अरुंद की ऊन उभ्या पट्टीसारखं पडलेलं. त्या पट्टीत, दोन्ही बाजूंच्या जवळजवळ प्रत्येक खिडकीत, गजाला तारेच्या कडीने टांगलेले रंगाचे डबे. उंटिणी, मनीप्लांट, कोरफडी, ओवा. भाड्याच्या एकेका खोलीची घरं ती, अकरा महिन्यांची माणसं, आणि बोळ खालपासून वरपर्यंत हिरवा. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. मागून एक सायकलवाला म्हणाला, "काका, दर्शन झालं असेल तर सरका."

लीलाताई जिन्यातल्या कट्ट्यावर एका शेजारणीबरोबर बसल्या होत्या. केस सगळे पांढरे झालेले. मला त्यांनी क्षणात ओळखलं.

"अविनाशभाऊ! या, या. अहो वहिनी, हे माझे घरमालक. यांचा भाऊ अमेरिका सोडून घरी आला म्हणून मी जागा सोडली. सांगते न मी तुम्हाला!"

"शंभरदा ऐकलंय," शेजारीण म्हणाली. "सगळ्या बोळाला पाठ आहे. तुमच्याकडे कुणीतरी परत आला, नाही तर इथं सगळी जाणारीच."

"कसे आहेत सुहासभाऊ? रमले न?" लीलाताईंनी माझ्या हातातला डबा घेतला, उलटा करून तळ बघितला. "झाड छान ठेवलं त्यांनी. पण डबा गेला याचा, गंजला. थांबा." त्यांनी कट्ट्याखालून दुसरा डबा काढला, जुन्यातलं झाड मातीच्या गोळ्यासकट सोडवलं आणि माझ्या हातात दिलं. "असं मधोमध धरा. मी माती घालते."

हो, रमला, एवढंच म्हणायचं होतं. त्यांना तेच ऐकायचं होतं. बोळालाही.

"ताई, सुहास आला नव्हता," मी म्हणालो. "येणारच नव्हता. मला जास्त भाडं मिळत होतं, म्हणून मी खोटं सांगितलं."

त्यांचा मातीचा हात थांबला. शेजारीण उठून आत गेली.

"मग अनंताला पाणी कोण घालत होतं?" लीलाताईंनी विचारलं.

"कोणी नाही."

त्यांनी मान हलवली, पुन्हा ओंजळभर माती घेतली आणि मुळांभोवती घातली. मी झाड सोडायला गेलो तर म्हणाल्या, "सोडू नका अजून. बसू द्या तिला."

माझे दोन्ही हात मनगटापर्यंत मातीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

"हलायचं नाही, असा शब्द मी दिला होता," मी म्हणालो. "त्याच्यावर विसंबून तुम्ही न उचलता येणारी कुंडी आणलीत. माझं चुकलं, लीलाताई. मला माफ करा."