ड्रायव्हरीण

आमच्या एसटी डेपोत पंक्चर आणि किस्से रोज नवे. पंक्चर निघतं, किस्से साठत जातात. हे सगळे एका शब्दाच्या शेपटीचे.

सुनील आमच्याकडे ड्रायव्हर. त्यामुळे लग्न झाल्यापासून त्याची बायको वैशाली गावात 'ड्रायव्हरीण'. मग तिनं स्वतः परीक्षा दिली, ट्रेनिंग केलं, आमच्याच डेपोत ड्रायव्हर झाली. आता गाव तिला काय म्हणतं? ड्रायव्हरीण!

"एवढी राबले आन नाव जुनंच?" ती भडकली. तिला ते नाव नवऱ्याचं नको होतं, स्वतःच्या स्टिअरिंगवर कमावलेलं हवं होतं.

*

मेकॅनिक हनीफभाई उर्दू शाळेत शिकलेले. म्हणाले, "आमच्यात उस्तानी म्हणतात."

"म्हणजे शिकवणारी?"

"हां. आणि उस्तादची बायकोपण."

कँटीनला फरसाण देणारे गुजराती शेठ म्हणाले, "अमारे शेठाणी... पण ती पण शेठची बायकोच," आणि फरसाणाच्या पिशव्या मोजायला लागले.

मी कंडक्टर, मी इंग्रजी काढलं. "कंडक्ट्रेस, तसं ड्रायव्हरेस."

"रेस लावायची न्हाय मला," वैशाली म्हणाली. "गाडी चालवायचीय."

*

सुनीलची वेगळीच तक्रार. "बायकोला ईण लागते. नवऱ्याला लावायला काहीच नाही?"

हनीफभाईंनी डोकं खाजवलं. "वाला लाव, ड्रायव्हरीणवाला. दूधवाला दूध विकतो, टांगेवाला टांगा हाकतो."

"मग हा मला विकनार का हाकनार?" वैशालीनं विचारलं. हनीफभाई पाना घेऊन गाडीखाली गेले.

*

तिची पहिली फेरी मुरुड-चौल. कंडक्टर मी. एक कोळीण आजी टोपली घेऊन दारातच अडली.

"ड्रायव्हर येऊ दे, मंग चढते."

"आजी, मीच."

"तू ड्रायव्हरीण. नवरा कुठं हाय तुजा?"

"घरी. सुट्टी हाय त्याची."

आजी चढली, पण टोपली घट्ट धरून. काशीदच्या चढावर ऐन वळणात समोरून टुरिस्टांची अवाढव्य बस आली. वैशालीनं भरली गाडी शांतपणे रिव्हर्स घेतली. दोन्ही आरशांमध्ये जेमतेम वीतभर जागा, पण टोपलीतला एक बोंबील हलला नाही.

चौलला आजीनं चार बोंबील कागदात बांधून पुढे ठेवले. "ड्रायव्हरनीचा वाटा."

*

पुढच्या आठवड्यात त्याच गाडीवर सुनील. आजीनं पायरीवरूनच विचारलं, "आमची ड्रायव्हरीण कुठं हाय?"

"घरी. मी तिचा नवरा."

"तिच्याच घरचा ना?"

"व्हय."

"मंग चल, ड्रायव्हरीणकर. सोड गाडी."

गाडीभर हशा पिकला.

दुसऱ्या दिवशी सुनीलच्या जेवणाच्या डब्यावर मार्करनं ठळक लिहिलेलं होतं: सुनील ड्रायव्हरीणकर. अक्षर त्याचंच.