नानाजी पेंटरची लांबी

नानाजी चाफल्यांना हुडकेश्वर भागात चाफले म्हणून कोणी ओळखत नाही. ते नानाजी पेंटर. वय एकसष्ट, अंगकाठी शिडशिडीत, उजव्या हाताच्या नखांत मुरलेला निळा ऑइल पेंट, आणि स्वभाव असा की समोरची रेघ वाकडी असेल तर घास गिळत नाही. शहरातल्या महाल भागातल्या एका उस्तादाकडे ते बाराव्या वर्षी ब्रश धुवायला लागले आणि अठराव्या वर्षी पाट्या लिहायला. अक्षर नजर लागावी असं. खोड एकच, पाटी संपायची नाही. कुठे 'र'ची शेपटी केसभर जाड वाटायची, कुठे दोन अक्षरांमधली फट डोळ्यात खुपायची. मग फडकं घ्यायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. एका औषधाच्या दुकानाचं उद्घाटन 'श्रीकृपा मेडि' एवढ्याच पाटीखाली झालं, आणि पुढचे अकरा दिवस येणारं-जाणारं गिऱ्हाईक मालकाला मेडि म्हणजे काय ते विचारत राहिलं.

पुढे फ्लेक्स आले. आज सांगा, उद्या टांगा. नानाजींच्या वाट्याला गाड्यांचे नंबर, शाळांच्या भिंती आणि कळमन्याच्या बाजारातल्या अडत्यांच्या गाळ्यांवरची नावं तेवढी उरली. त्यांची बायको भागीरथा म्हणायची की तुमचा धंदा फ्लेक्सनं नाही, तुमच्या फडक्यानं बुडवला. यात तथ्य होतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी सरल्यावर त्यांना एक काम आलं. घरापासून चार गल्ल्या सोडून एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर नेमबाजीची रेंज सुरू झाली होती. खाली पंगती, वर पिस्तुलं. तिथल्या दहा उभ्या राहण्याच्या जागांवर एक ते दहा आकडे रंगवायचे होते. दुसऱ्या कोणी तासाभरात उरकलं असतं. नानाजी तिसऱ्या दिवशीही साताच्या आकड्याशी झटत होते.

रेंज चालवणारी सोनिका तिशीच्या आतली, स्वतः राष्ट्रीय स्पर्धेत खेळून आलेली. तिला घाई नव्हती. उलट या माणसाची तिला गंमत वाटू लागली. रंग वाळेपर्यंत नानाजी बाकावर बसून पोरापोरींची नेमबाजी पाहत आणि कोणाचा खांदा वर चढतो, कोणाचं मनगट खाली झुकतं, ते आपल्याशीच पुटपुटत. तिसऱ्या दिवशी सोनिकानं त्यांच्या हातात पिस्तूल दिलं आणि मारून पाहा म्हणाली. हवेच्या दाबावर चालणारं पिस्तूल, त्यात मसुराएवढा छर्रा, दहा मीटरवर कागदाचं निशाण. नानाजींनी पाच छर्रे मारले. पाचही मधल्या काळ्या गोलाच्या बाहेर, खाली डावीकडे पडले. पण पाचही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले असते.

सोनिकानं कागद हातात घेऊन त्या पाच भोकांवरून बोट फिरवलं. मग तिनं विचारलं की काका, तुम्ही काम करताना हाताखाली टेकू घेता का. नानाजी म्हणाले, उस्तादानं कधी घेऊ दिला नाही. शिडीवर उभं राहून, हात लांबवून, अधांतरी ब्रश चालवायचा. चाळीस-बेचाळीस वर्षं तेच केलं. सोनिकानं पिस्तुलावरची नेम धरायची मागची खाच दोन-चार टिचक्या फिरवून दिली, आणि पुढचे पाच छर्रे काळ्यात जाऊन बसले.

असे नानाजी नेमबाज झाले. भागीरथानं ते ऐकून घेतलं आणि निदान भिंतीवरचं पुसत तरी बसणार नाही, एवढंच म्हणाली.

वर्षभर ते हाताला येईल ते पिस्तूल घेऊन मारत राहिले. मग सोनिकानं जिल्हा स्पर्धेचा विषय काढला. साठीवरच्यांचा गट वेगळा असतो, त्यात नाव द्या म्हणाली. पण आता एकच पिस्तूल कायमचं धरायला हवं होतं, कारण त्याची लाकडी मूठ माणसाच्या तळव्याप्रमाणे भरून, घासून तयार करावी लागते. रेंजकडे मोकळी असलेली अशी दोन पिस्तुलं होती. एकाची नळी लांब, दुसऱ्याची दोन इंच आखूड. बाकी सगळं सारखंच.

"काका, आधी लांबी ठरवा, मग मुठीचं काम करू," सोनिका म्हणाली.

"जवसाच्या तेलात मळून घेऊ," नानाजी म्हणाले. "डब्यातली तडकते."

सोनिका त्यांच्याकडे पाहतच राहिली. जुन्या पेंटर लोकांच्या तोंडी लांबी म्हणजे भिंतीची, लाकडाची भोकं बुजवायचं मळण. आता त्याला सगळे पुट्टी म्हणतात, पण नानाजींच्या लेखी ती लांबीच. घोळ लक्षात आल्यावर दोघंही हसले, आणि मूठ खरंच जवसाच्या तेलातल्या लांबीनं भरायची असं ठरलं. कोणती मूठ, ते मात्र ठरायचं होतं.

सोनिकानं नीट समजावून सांगितलं. दहा मीटरवर छर्ऱ्याला नळीच्या लांबीनं काही फरक पडत नाही, दोन्ही सारखंच मारतात. फरक पडतो तो मारणाऱ्याला. नळीच्या टोकावर माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक उंचवटा असतो, मागे खाच. लांब नळीवर ही दोन एकमेकींपासून दूर, त्यामुळे नेम जरासा चुकला तरी लगेच दिसतो. शिवाय टोकाला वजन असल्यानं हात डुलत नाही, पण दमतो. आखूड नळी हलकी, छर्रा लवकर सुटतो, हात शेवटपर्यंत ताजा राहतो. मात्र तिच्यात बारीक चूक डोळ्याला कळत नाही.

चूक कळत नाही म्हटल्यावर नानाजींच्या दृष्टीनं प्रश्न तिथेच मिटला. उस्ताद सांगायचा, रेघ ओढायला पट्टी लांब घ्यावी. तरी खात्रीसाठी त्यांनी शेजारच्या मारोतरावांना विचारलं. मारोतराव पारशिवनीकडचे, वनखात्यात वनरक्षक म्हणून जन्म काढलेले, आणि बंदुकीच्या बाबतीत गल्लीत त्यांच्याइतका अधिकार कोणाचाच नव्हता. त्यांनी दोन्ही पिस्तुलं न पाहताच निकाल दिला.

"नळी लांब तर मार लांब गा, नाना. आखूड नळीच्या आवाजानं तितर पयते फक्त."

दहा मीटरवरचा कागद पळत नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. नानाजींनी लांब नळी घेतली, दोन दिवस बसून मुठीला लांबी भरली, घासली, पुन्हा भरली. मूठ अशी बसली की पिस्तूल हाताला उगवल्यासारखं वाटावं.

आणि मग त्यांची नेमबाजी बिघडली.

झालं असं की लांब नळीवरची माशी त्यांना सगळं सांगू लागली. नाडीचा ठोका पडला की माशी हलायची. श्वास निम्मा सोडला की हलायची. खाली मंगल कार्यालयात बँड सुरू झाला की नाचायचीच. नानाजी ती खाचेच्या बरोबर मध्ये आणत, ती केसभर सरके, ते परत आणत. घोडा दाबायचा क्षण येऊन जाई. सोनिका सांगायची की सात-आठ सेकंदांत सुटला नाही तर हात खाली घ्या. नानाजी वीस सेकंद, पंचवीस सेकंद धरून उभे. शेवटी ते हात खाली घेत, घाम पुसत, पुन्हा उचलत.

सोनिकानं सराव सामना लावला. पंचाहत्तर मिनिटांत साठ छर्रे. वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा नानाजींचे शेहेचाळीस झाले होते. सत्तेचाळिसाव्यासाठी ते हात उचलून उभे होते आणि शिट्टीनंतरही तसेच उभे राहिले. एका छर्ऱ्याला जास्तीत जास्त दहा, अशा सहाशेपैकी गुण चारशे अकरा. बाजूला कॉलेजातली मिनल नावाची मुलगी त्याच वेळात साठ मारून, पाणी पिऊन, पिशवी भरून बसली होती.

सोनिका आखूड नळी घेऊन पाहा म्हणाली. नानाजींना ते लागलं. आखूड नळी म्हणजे शिकाऊ पोरांचं काम, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. त्यांनी लांबच धरून ठेवली. पंधरा दिवसांनी पुन्हा सामना झाला, त्यात एकोणपन्नास झाले.

त्या दुसऱ्या सामन्याला भागीरथा आली होती. खाली ओळखीतलं लग्न होतं, मुहूर्ताला अवकाश होता, म्हणून ती जरीच्या लुगड्यात जिना चढून वर आली आणि बाकावर बसली. अख्खी पंचाहत्तर मिनिटं ती नवऱ्याचा हात वर जाताना, थांबताना, खाली येताना पाहत राहिली. सामना संपल्यावर सोनिका तिच्याजवळ येऊन बसली आणि काकांना अडतंय कुठे ते मला कळतं पण त्यांना समजावता येत नाही म्हणाली. दोन पिस्तुलांतला फरकही तिनं सांगितला. भागीरथानं तो एकदाच ऐकला. मग ती नानाजींकडे वळली.

"आपल्या फाटकावर नाव किती खेप लिवलं तुम्ही?"

"नऊ," नानाजी म्हणाले.

"अन् आता काय हाये तिथं?"

तिथं काही नव्हतं. नवव्यांदा पुसल्यावर दहाव्यांदा लिहायचं राहून गेलं होतं. पोस्टमन अजूनही शेजारी विचारून पत्र टाकत होता.

"तुम्हाले चूक दिसली का तुमचा हात थांबते," भागीरथा म्हणाली. "त्या लांबडीत चुका जास्त दिसतेत म्हन्ते हे पोरगी. मंग ज्यात कमी दिसन ते घ्या ना. काहून जिवाले त्रास करून घेऊन राहिले?"

एवढं बोलून ती लग्नाला गेली. सोनिका हसू दाबत होती. नानाजींनी पिस्तूल खोक्यात ठेवलं, खोकं बंद केलं आणि त्या दिवशी पंगतीत ते बायकोपासून लांब बसले. पण जेवताना त्यांच्या डोक्यात तेच घोळत होतं. बेचाळीस वर्षांत त्यांच्या कामाबद्दल कोणी इतकं खरं बोललं नव्हतं.

सोमवारी त्यांनी आखूड नळी मागितली.

ती काही जादू नव्हती. पहिल्या दिवशी छर्रे कागदभर विखुरले, एक तर शेजारच्या मिनलच्या निशाणावर गेला आणि तिनं तक्रार न करता, छर्रा परत केल्यासारखा तो कागद आणून दिला. माशी आता शांत दिसत होती, पण तिच्या शांतपणावर विसंबता येत नव्हतं, कारण इथे दिसत नसलेली चूक तिकडे कागदावर उमटत होती. सोनिकानं त्यांना एकच काम दिलं. माशी खाचेत दिसली की घोडा दाबायला सुरुवात करायची आणि मध्ये थांबायचं नाही. सात लागला तर सात. नानाजींना सात लागू देणं फार जड गेलं. पहिले आठ दिवस प्रत्येक साताला ते कागदाकडे असे पाहत की जणू फडकं शोधत आहेत. पण छर्ऱ्यानं पडलेलं भोक पुसता येत नाही. हळूहळू त्यांना त्यात एक सुटका वाटायला लागली. मारलं ते मारलं, पुढचा उचला.

महिन्याभरात साठ छर्रे वेळेत होऊ लागले. गुण चारशे ब्याण्णववरून पाचशे अठ्ठावीसवर आले. तेव्हा कुठे त्यांनी आखूड पिस्तुलाच्या मुठीला लांबी भरली, आणि या खेपेला एकदाच भरली.

जिल्हा स्पर्धा जानेवारीत शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. साठीवरच्या गटात नऊ जण होते. सगळ्यांत तयारीचे निवृत्त हवालदार रविंद्र डोये, शर्टाच्या बाह्या दुमडून उभे. मारोतराव खास पाहायला आले होते आणि आखूड नळी पाहून नाराज झाले होते. नानाजींचे पहिले चाळीस छर्रे ठीक गेले. एक्केचाळिसावा सुटला तो पाचावर. नानाजींच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं, पाणी प्यायलं. समोर भिंतीवर चाराचा आकडा रंगवलेला होता आणि त्याची उभी रेघ उजवीकडे कललेली होती. ती ते टक लावून पाहत राहिले. हे पाहणं मागे बसलेल्या भागीरथाच्या ओळखीचं होतं.

नानाजींनी पिस्तूल उचललं आणि बेचाळिसावा मारला. नऊ.

साठ छर्रे संपले तेव्हा घड्याळात अकरा मिनिटं शिल्लक होती. उरलेल्या वेळात काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण आयुष्यात कुठलंच काम त्यांचं वेळेआधी संपलं नव्हतं. ते हात बांधून उभे राहिले. गुण पाचशे सदतीस, नंबर दुसरा. हवालदार अकरा गुणांनी पुढे होते.

मारोतरावांनी लांब नळी असती तर पहिला आला असता असं सगळ्यांना सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच रेंजवर येऊन लांब नळी मागितली. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. माशी हलते का असं सोनिकानं विचारलं तर, मले तं एकदम झकास दिसून राहिली, म्हणाले. आजही ते लांब नळीवर साठ छर्रे अर्ध्या तासात संपवतात, चारशे तीस-चाळीस मिळवतात आणि फार खूश असतात. त्यांना आखूड नळी सुचवावी असं सोनिकाला एकदाही वाटलं नाही.

नानाजींची राज्य स्पर्धेसाठी निवड झाली. भागीरथा सोबत गेली, गुळाच्या पोळ्या बांधून. तिथे सत्तावीस जणांत ते चौदावे आले. निकाल लागल्यावर तिनं विचारलं, चौदावा म्हणजे चांगला का वाईट. नानाजींनी जरा विचार केला आणि म्हणाले, बरा हाये. मग दोघं मैदानाच्या पायरीवर बसून पोळ्या खाऊ लागले, आणि खाता खाता नानाजी तिला शेवटच्या दहा छर्ऱ्यांत हात कसा हलका चालला ते हवेतच हात लांबवून दाखवत राहिले. येणारे-जाणारे वळून पाहत होते. भागीरथानं त्यांना हात खाली घ्यायला सांगितलं नाही.