तळ्याकाठचा वर्ग

अरुंधतीबाई पनवेलच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायच्या. नव्वद साल उजाडलं तेव्हा त्यांच्या वर्गात मोजकीच मुलं उरली होती आणि विषय बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली होती. त्याच सुमारास त्यांच्या हाती व्यवस्था सिद्धांतावरचं एक पुस्तक पडलं. शरीर असो, कारखाना असो की गाव, नुसते सुटे भाग तपासून ते कळत नाही. भाग एकमेकांशी कसे जोडलेत ते पाहावं लागतं, असं त्यात मांडलं होतं. बाई इतक्या हरखल्या की पुस्तक घेऊन थेट प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरल्या.

"प्रदीप सर, हे तुमचं की माझं?"

सरांनी पानं चाळली. "सुरुवात आमच्याकडची दिसतेय. पुढे मात्र तुमच्याकडे वळलंय."

अर्थशास्त्राच्या नीता मॅडमना तर ते आपलंच वाटलं.

"मग तिघं मिळून शिकवू," बाई म्हणाल्या. "फळ्यावर नको, मागच्या तळ्यावर."

त्या तळ्यात जलपर्णी माजली होती. नगरपालिकेची माणसं दर वर्षी ती काढायची, तरी ती पुन्हा पसरायची. शनिवारी मुलांसमोर सर सांगू लागले, की सांडपाण्यामुळे तिचं चांगलंच फावतं. नीता मॅडम म्हणाल्या, "नव्या इमारती झाल्या, गटारं झाली नाहीत. मूळ तिथे आहे." दोघांची चांगलीच जुंपली.

मध्येच बाईंनी विचारलं, "काढलेली जलपर्णी जाते कुठे?"

सगळ्यांच्या नजरा काठाकडे वळल्या. तिथे कुजलेले ढीग पडले होते आणि त्यांतून काळं पाणी पाझरून तळ्यात उतरत होतं.

"म्हणजे काढलेलीच उरलेलीला पोसतेय," सर सावकाश म्हणाले.

बाईंनी छत्रीच्या टोकाने चिखलात एक वर्तुळ काढलं. सांडपाणी, जलपर्णी, ढीग, पुन्हा जलपर्णी. मुलं वाकून बघत होती आणि एकमेकांना ढकलून आपापले बाण जोडत होती. कुणीतरी त्यात इमारतीही आणल्या. अंधार पडेपर्यंत कुणी घरी जाईना.

सोमवारी तिघं नगरपालिकेत गेले. तिथल्या इंजिनिअरना आधी हसू आलं, पण ढीग ट्रकने हलवायला ते तयार झाले. गटारं बांधून सांडपाणी वळवायला पुढे दोन वर्षं गेली. मग मात्र तळ्याचं मधलं पाणी उघडं दिसू लागलं.

विद्यापीठाने या वर्गाला गुण दिले नाहीत. तरी विज्ञानाची मुलंही त्यात येऊन बसू लागली आणि तत्त्वज्ञान टिकलं. पुढच्या वर्षी बाईंनी वर्ग एसटी स्टँडवर नेला, गाड्या खोळंबतात कशामुळे ते बघायला.