नवरीने चालू केलेली गाडी
गरम इंजिनावर कुणी पाणी मारलं, की ओल्या धुळीचा आणि पेट्रोलचा एक वास उठतो आणि मला सत्तरच्या दशकातली, मामेबहिणीच्या लग्नाची सकाळ आठवते. मामाचं वाकोल्यात छोटं गॅरेज होतं आणि लग्नाचा हॉल अंधेरीला. नवरीला न्यायला मी आमच्या साहेबांची गाडी मागून आणली होती, आणि हौसेनं बॉनेट उघडून इंजिनसुद्धा नळीनं धुतलं होतं. निघालो तशी गाडी आचके द्यायला लागली आणि सांताक्रूझच्या पुढे भर रस्त्यात बंदच पडली. मुहूर्ताला अर्धा तास उरलेला, मामा आधीच हॉलवर गेलेला, मागे बसलेली मामी रडकुंडीला आलेली. "इंजिनावर पाणी मारलंस ना रे?" नवरीनं मला विचारलं. मी मान खाली घातली. "मग ठिणगी पडणार कशी? रुमाल दे." मामी "अगं, शालू खराब होईल!" म्हणून ओरडेपर्यंत ती खाली उतरलीसुद्धा. मुंडावळ्या सोडून तिनं माझ्या हातात दिल्या, पदर खोचला, प्लगांना ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून आतलं पाणी टिपलं आणि एकेक वायर पुसून पुन्हा घट्ट बसवली. "मार आता स्टार्टर." इंजिन झकास चालू झालं. हॉलवर अंतरपाट धरला, तेव्हा तिच्या हळदीच्या बोटांवर काळं ग्रीस होतं. मामानं ते पाहिलं आणि त्याची छाती फुगलेली सगळ्यांना दिसली. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, तरी त्या दिवसापासून आजतागायत मी तिला ताई म्हणतो.