नायक झाडेची रजा

त्या हिवाळ्यात आमची पोस्ट लडाखमध्ये होती. उंची सोळा हजार फुटांच्या वर. मी हवालदार, सेक्शन कमांडर. नायक गजानन झाडे माझा टू-आयसी, म्हणजे माझ्यानंतर सेक्शन सांभाळणारा. बटालियनमध्ये बहुतेक पोरं सातारा, सांगली, कोल्हापूरची. वर्धा जिल्ह्यातले आम्ही दोघंच. मी सिंदी रेल्वेचा, तो समुद्रपूरजवळच्या एका गावचा. आमचं घरचं किराणा दुकान, म्हणून तो मला 'शेठ' म्हणायचा. त्याच्या घरी भाजीची वाडी. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. माल समुद्रपूरच्या आणि हिंगणघाटच्या बाजारात जायचा.

आम्ही दोघं आपसात 'मले-तुले' बोललो की बाकीची पोरं हसायची. वायरलेस सेटवर तसं बोललं तर कंपनी कमांडर मेजर साहेब ओरडायचे. झाडे मग मुद्दाम शुद्ध बोलायचा आणि शेवटी 'ओव्हर'च्या आधी हळूच 'बाप्पा' घालायचा. अकरा वर्षं आम्ही एका कंपनीत काढली.

पोस्टवरचं काम ठरलेलं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज उभं राहणं. मग बर्फ साफ करणं, हत्यारांची सफाई, रॉकेलचे जेरीकॅन वर आणणं, आठवड्यातून एकदा शेजारच्या पोस्टपर्यंत लिंक पेट्रोल, म्हणजे गस्त. बाहेर पडताना गॉगल घालावाच लागतो. नाहीतर बर्फाच्या चमकेनं डोळे जातात. आत बंकरमध्ये रॉकेलवर पेटणारी बुखारी आणि एक मिणमिणता दिवा. त्या उजेडात सगळ्यांचेच चेहरे एका रंगाचे दिसतात.

तिथे कुणालाच भूक लागत नाही. प्रत्येकाचं वजन उतरतं. ओझी वाहून प्रत्येकाची पाठ धरते. झाडेचंही जेवण कमी झालं होतं, पँट ढिली झाली होती, रात्री तो पाठीखाली घोंगडी दुमडून घ्यायचा. सेक्शनमधल्या दहापैकी सात जण तसंच करत होते. वर येण्याआधी आमची पूर्ण मेडिकल झाली होती. तो शेप-वन होता. म्हणजे संपूर्ण तंदुरुस्त.

रजेच्या आधीच्या शेवटच्या पेट्रोलला तो चढावर खाली बसला. मी त्याला कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"काऊन रे?"

"काई नाई शेठ. पाठ भरून आली. दोन मिंटं."

सेट खरखरला. कंपनीतून विचारणा होती.

"अल्फा फोर, अल्फा. का थांबलात? ओव्हर."

"अल्फा, फोर. शॉर्ट हॉल्ट. ओव्हर."

"कॅज्युअल्टी? ओव्हर."

मी झाडेकडे पाहिलं. त्यानं अंगठा वर केला.

"निगेटिव्ह. ऑल ओके. ओव्हर."

तो उठला. पुढच्या कड्याला रोप, म्हणजे चढायचा दोर, त्यानंच लावला आणि पहिला वर गेला तोही तोच.

आमची दोघांची वार्षिक रजा एकदम मंजूर झाली. साठ दिवस. विमानानं दिल्ली, तिथून रेल्वेनं नागपूर. रेल्वेत तो वरच्या बर्थवर पडून होता. बर्फ डोळ्यांना लागलाय म्हणाला आणि काळा चष्मा काढला नाही. त्याची सहा वर्षांची पोरगी वाट पाहत होती. तिच्यासाठी घेतलेला स्वेटर त्यानं उशाशी ठेवला होता. वर्ध्याच्या उकाड्यात ती तो कधी घालणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, "घालन ना. बापानं आणला म्हणून घालन."

नागपूरला त्याचा धाकटा भाऊ भाजीचा पिकअप घेऊन आला होता. झाडेनं मला सिंदीला जाऊ दिलं नाही. म्हणाला, आधी माह्या घरी जेव, मग जा. आम्ही त्याच्या वाडीशी उतरलो तेव्हा दुपारचं लख्ख ऊन होतं. त्याची आई वांगी तोडत होती. झाडेनं चष्मा काढून खिशात टाकला आणि तिच्या पाया पडला. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ती तशीच थांबली.

"गजा, तुये डोये पिवये काऊन दिसून राह्यले रे?"

मी पुढे होऊन पाहिलं. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा झाला होता. मानही पिवळी. दोन दिवस मी त्याच्या शेजारी होतो. पण उन्हात आत्ताच पाहिला.

घरात सगळे म्हणाले, कावीळ आहे. वडील म्हणाले, "पलीकडच्या गावात एक जण जडीबुटी देते. तीन सकाळी घेतली का उतरते." झाडे हसून तयार झाला. त्याची बायको कुंदावहिनी मला बाहेर सोडायला आली तेव्हा म्हणाली, "भाऊजी, त्याईचा पट्टा पाहिला का? चार नवीन भोकं पाडलेत."

मी परत आत गेलो आणि म्हणालो, जडीबुटी नंतर, आधी रक्त तपासू. झाडेनं सॅल्यूट ठोकला. "जी, हवालदार साहेब."

दुसऱ्या दिवशी समुद्रपूरच्या डॉक्टरांनी त्याचं पोट दाबून पाहिलं. काही दुखतं का, विचारलं. तो नाही म्हणाला. डॉक्टरांनी लगेच वर्ध्याला पाठवलं. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन. संध्याकाळी एका डॉक्टर बाईंनी आम्हाला आत बोलावलं. झाडे, कुंदावहिनी आणि मी. बाईंचं वय आमच्याएवढंच असावं. त्यांनी खुर्च्या जवळ ओढायला सांगितलं.

"स्वादुपिंड म्हणून एक अवयव असतो. पोटाच्या मागे, अगदी खोल. तिथे गाठ आहे. तिनं पित्ताची नळी दाबली म्हणून कावीळ दिसली."

"काढता येईल?" मी विचारलं.

"आता नाही. लिव्हरमध्ये पसरलंय."

"कॅन्सर?" कुंदावहिनीनं विचारलं.

"हो."

मी म्हणालो, "मॅडम, काहीतरी गफलत झाली असेल. हा मागच्या आठवड्यात पाठीवर ओझं घेऊन बर्फात चढत होता. फौजेची मेडिकल पास आहे. कधी सिगारेट ओढली नाही."

"गफलत नाही झाली. हा आजार फार उशिरा दिसतो. भूक कमी होते, वजन उतरतं, पाठ दुखते. ह्यांच्या नोकरीत तर प्रत्येक गोष्टीला दुसरं कारण होतं. बाहेरून हात लावून कळत नाही. मलाही कळलं नसतं."

झाडे सावधानमध्ये बसल्यासारखा ताठ बसला.

"मॅडम, मला साठ दिवसांची रजा आहे. ती पुरेल का, एवढंच सांगा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कुणालाच नक्की सांगता येत नाही. घरच्यांबरोबर राहा."

कुंदावहिनीनं त्याचा हात धरला. माणसांसमोर तिनं त्याचा हात धरलेला मी तेव्हाच पाहिला.

मी हॉस्पिटलच्या गेटबाहेर येऊन मेजर साहेबांना फोन लावला.

"साहेब, नायक झाडेला कॅन्सर निघाला."

"कुणाला?"

"नायक झाडे, साहेब."

"कुठला झाडे? आपला झाडे?"

"जी साहेब."

"अरे, परवा रोप लावून वर गेला ना तो." मग ते म्हणाले, "तू त्याच्याजवळ राहा. बाकी मी पाहतो. आणि रोज मला सांग."

पुढची व्यवस्था फौजेनं केली. मिलिटरी हॉस्पिटलात नळी टाकून पित्ताला वाट करून दिली. डोळ्यांचा पिवळेपणा उतरू लागला, अंगाची खाज थांबली. ताकद आली की केमो सुरू करू, असं तिथल्या कर्नल साहेबांनी सांगितलं आणि काही दिवसांसाठी घरी पाठवलं. घरी आला तर तो बरा दिसत होता. भाकरी मागून खाल्ली. पोरीला मांडीवर बसवून तिच्याकडून पाढे म्हणवून घेतले. तिनं तो स्वेटर भर दुपारी घालून दाखवला. आम्ही सगळे मनातून सावरलो. वडील तर म्हणायला लागले, डॉक्टर लोकं घाबरवतेच. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

त्या दिवशी मी सिंदीहून आलो तेव्हा तो वाडीतल्या झाडाखाली बाजेवर बसून कुंदावहिनीबरोबर मेथीच्या जुड्या बांधत होता. दुसऱ्या दिवशी समुद्रपूरचा बाजार होता.

"ये शेठ. फुकटचं बसू नको. हात चालव."

मी बसलो. दोनतीन जुड्या बांधल्या. तो म्हणाला, "तुह्या गाठी ढिल्या हायेत. दुकानदाराचा हात."

"तू कोणता मोठा..." मी म्हणत होतो.

तो उभा राहिला. छातीवर हात ठेवला.

"दम भरून राह्यला."

"बस. खाली बस."

तो बसला नाही. माझ्या खांद्यावर पडला. ओठ निळे झाले होते. मी त्याला जमिनीवर घेतलं, कॉलर सोडली, नाडी पाहिली. होती, पण दोऱ्यासारखी. भावानं पिकअप आणला. मेथीचे गठ्ठे खाली फेकून आम्ही त्याला मागे ठेवलं. कुंदावहिनीनं डोकं मांडीवर घेतलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणाला, गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मग नाडी गेली.

मी छाती दाबत राहिलो. फौजेत शिकवलं होतं तसं, मोजून. रस्ता खराब, गाडी उसळत होती. समुद्रपूर आलं तेव्हा डॉक्टरांनी माझे हात धरून बाजूला केले. म्हणाले, ह्या आजारात रक्त घट्ट होतं. पायातली गाठ सुटून फुप्फुसात गेली असावी. म्हणाले, तुमच्या हातात काही नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहत होतो आणि मला त्यांचं बोलणं कळत नव्हतं. अर्ध्या तासापूर्वी तो माझ्या गाठींना नावं ठेवत होता.

मेजर साहेबांना फोन लावला. या वेळी त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली. दुसऱ्या दिवशी जवळच्या युनिटमधून जवान आले, तिरंगा आला, पुष्पचक्र आलं. आसपासच्या गावांतून माणसं आली. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी रातोरात मोठं फ्लेक्स छापून आणलं होतं. गणवेशातला झाडे, मागे बर्फाचे डोंगर, आणि वर मोठ्या अक्षरांत 'शहीद'. खाली 'सीमेवर शत्रूशी लढताना'. पोरांचं मन चांगलं होतं. त्यांना झाडेसाठी सगळ्यात मोठा शब्द हवा होता.

वडिलांनी फ्लेक्स पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. पण पोरगा शहीद झाला म्हटल्यावर गाव मान देतं, हेही त्यांना दिसत होतं. ते हळूच म्हणाले, "राहू देऊ का बापू? कोणाचं काय बिघडते?"

गणवेशात मी एकटाच त्याच्या बटालियनचा होतो. मी हो म्हटलं असतं तर ते खरं ठरलं असतं.

कुंदावहिनी दारात आली. रडून तिचा आवाज बसला होता, पण बोलली ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"बाबा, ते काढाले लावा. त्याईले तिकडं बर्फात एकटं मारू नका. ते माह्या मांडीवर गेले."

वडिलांनी डोक्यावरचा दुपट्टा काढून तोंडावर धरला. मग मीच फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागलो. ज्या पोरांनी ते बांधलं होतं, तीही पुढे आली. आम्ही त्याची नीट घडी केली, खाली पडू दिलं नाही. झाडेला अग्नी दिला तेव्हा बिगुल वाजलं आणि गावातल्या माणसांनी जो घोष केला त्यात फक्त त्याचं नाव होतं.

रजा संपल्यावर मी एकटा वर गेलो. पोस्टवर पोचलो त्या सकाळी पोस्ट सांभाळणाऱ्या सुभेदार साहेबांनी सेक्शन फॉल-इन केली, सगळ्यांना रांगेत उभं केलं. बातमी सगळ्यांना होती, तरी त्यांनी मला सांगायला लावलं. मी सांगितलं. कावीळ, स्कॅन, मेथी, पिकअप. पाच मिनिटं लागली असतील. साताऱ्याचा एक जवान मधेच म्हणाला, "हवालदार साहेब, पण तो तर आपल्यात सगळ्यात फिट होता." मी म्हणालो, हो. सुभेदार साहेबांनी टोपी काढली. त्या वाऱ्यात उघड्या डोक्यानं उभं राहणं मना आहे. सगळ्यांनी टोप्या काढल्या.

आता मी निवृत्त होऊन सिंदीच्या दुकानात बसतो. आमच्या युनिटच्या स्मारकावर लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. झाडेचं नाव तिथे नाही, आणि नियमानं ते तिथे येणारही नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी गोळीबार पाहिला, हिमस्खलन पाहिलं, माणसं गेलेली पाहिली. प्रत्येक वेळी काय आलं आणि कुठून आलं, ते नंतर तरी कळलं. झाडेचं मला अजून कळलेलं नाही. आजाराची जागा सांगता येते, नाव सांगता येतं, डॉक्टरांनी चित्र काढून समजावलंही होतं. तरी कळलेलं नाही.

नायक गजानन झाडे. वय चौतीस. तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा. आमच्या सेक्शनचा सगळ्यात फिट जवान.